पिस्तुलाची लाकडी मूठ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर धरताना तळव्याला आणि बोटांना जो भाग लागतो, ती त्याची मूठ. जुन्या बनावटीच्या बहुतेक पिस्तुलांत मधे धातूचा सांगाडा असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या फळ्या स्क्रूने आवळलेल्या असतात. 1911 च्या प्रसिद्ध कोल्ट पिस्तुलाची रचना अशीच आहे. त्याआधीच्या, 1873 च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरवर सुरुवातीला अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून कोरलेली मूठ चढवलेली असे.

ही लाकडी मूठ केवळ शोभेची, असा सर्वांत पसरलेला समज आहे. नेमबाजीतले साधे गणित तो खोडून काढते. 10 मीटर एअर पिस्तूल स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो. छर्रा सुटताना नळी एका अंशाच्या फक्त दहाव्या भागाने ढळली, तरी तो मध्यापासून सुमारे 17 मिलिमीटर दूर लागतो आणि दहाच्या जागी आठ गुण पडतात. एवढे ढळायला मूठ मापाला थोडी चुकलेली असणे पुरते. मूठ जाड असेल तर तर्जनीचे नुसते टोक ट्रिगरपर्यंत पोहोचते. फार बारीक असेल तर बोट गरजेपेक्षा जास्त आत शिरते. दोन्ही वेळा ट्रिगर सरळ मागे येण्याऐवजी बाजूला दाबला जाण्याची शक्यता वाढते. चांगल्या मुठीत हात दर वेळी त्याच जागी आणि त्याच कोनात बसतो. तिची खरी किंमत यातच आहे.

म्हणूनच एकच चांगली मूठ सर्वांना चालते, हेही खरे नाही. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या मुठी लहान-मोठ्या मापांत आणि डाव्या-उजव्या हातांसाठी वेगवेगळ्या बनतात. त्या घेतल्यानंतरही अनेक नेमबाज कुठे कानस मारून लाकूड उतरवतात, तर कुठे लाकडाची लुकण भरून उंचवटा देतात. बोटांसाठी खाचा असल्या की पकड आपोआप सुधारते, असेही मानले जाते. खाचांची रुंदी बोटांशी जुळली तरच त्यांचा उपयोग होतो. जुळली नाही, तर खाचांमधला कंगोरा नेमका बोटाखाली येतो आणि पकड बिघडते. अशा वेळी सपाट मूठच बरी.

मूठ दोन्हीकडून बसावी लागते, आतून सांगाड्याला आणि बाहेरून हाताला. बाहेरचा आकार डोळ्यांत भरतो, पण कारागिराची खरी परीक्षा आतल्या बाजूला होते. तिथे फट राहिली की फळी प्रत्येक धक्क्याला किंचित सरकते आणि सगळा ताण स्क्रूच्या भोकावर येऊन लाकूड तडकते. स्क्रू बेताबाहेर आवळल्यानेही तेच होते. म्हणून चांगल्या मुठीत स्क्रूच्या भोकात धातूची बारीक वाटी बसवलेली असते. मूठ विकत घेताना आधी तिची आतली बाजू पाहावी.

लाकूड जितके महाग आणि जड, तितकी मूठ चांगली, या समजुतीने अनेकांचे पैसे वाया जातात. अक्रोड शतकानुशतके बंदुकांसाठी वापरला जातो तो त्याच्या समतोल गुणांमुळे: तो पुरेसा कठीण असतो, फार जड नसतो, बारीक कोरकाम झेलतो आणि एकदा नीट वाळला की फारसा वाकत नाही. शिसवीच्या वंशातली लाकडे त्याहून घट्ट आणि देखणी असतात. मात्र मध्य अमेरिकेतल्या कोकोबोलोसारख्या लाकडात नैसर्गिक तेल इतके असते की त्यावर सरस नीट धरत नाही, आणि त्याच्या भुशाने अनेकांच्या त्वचेला व श्वासाला त्रास होतो. शिवाय शिसवीचा संपूर्ण वंश 2017 पासून वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियमनाखाली आला आहे. मौल्यवान लाकडाच्या मुठीमागे जंगलाचा प्रश्न उभा असतो, तो दुर्लक्षून चालणार नाही. लाकडाच्या जातीइतकेच महत्त्व त्याच्या तंतूंच्या दिशेला असते. तंतू मुठीच्या लांबीला धरून असावेत; ते आडवे गेले तर अरुंद भागात मूठ मोडते.

लाकडी मुठीमुळे धक्का कमी होतो, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात गोळी आणि दारूच्या वायूंचा संवेग, तसेच हत्याराचे वजन यांवर मागे येणारा धक्का ठरतो. मुठीच्या लाकडाने तो घटत नाही. बदलतो तो धक्क्याचा अनुभव. रुंद आणि नीट भरलेली मूठ तोच जोर तळव्याच्या मोठ्या भागावर पसरवते. लाकूड दबत नाही, त्यामुळे या बाबतीत मऊ रबर सरस ठरते.

मुठीवरच्या आडव्यातिडव्या रेघांची जाळी ही नक्षी नव्हे. घामेजलेला हात घसरू नये म्हणून ती कोरलेली असते. हाताने कोरताना रेघा एकमेकींना समांतर ठेवणे आणि त्यांच्यामधले प्रत्येक टोक सारख्या उंचीचे काढणे फार कठीण असते. 1911 च्या कोल्टवर स्क्रूंभोवती शंकरपाळ्याच्या आकाराची जागा कोरी सोडलेली दिसते. भोकाच्या काठापर्यंत जाळी नेली, तर तिथली टोके झडतात.

हस्तनिर्मित मूठ म्हणजे यंत्राचा स्पर्शही न झालेली, असा अर्थ घेणे चूक आहे. ठोकळ्याला ढोबळ आकार बहुधा यंत्रावरच दिला जातो. त्यापुढचे काम हातांचे असते: सांगाड्याशी जुळवणी, कडा मिटवणे, घासकाम आणि तेल.

तेल दिले की लाकूड जलरोधक होते, हाही भ्रमच. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूने सुकून थर धरते. त्याने ओलावा आत शिरण्याचा वेग मंदावतो, पण तो थांबत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, तेही तंतूंच्या आडव्या दिशेने. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. म्हणून पूर्ण वाळलेले लाकूडच घ्यावे लागते. हे तेल चोळताना भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला, तर त्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

कोणत्याही पिस्तुलाला लाकडी मूठ बसवता येते, हेही खरे नाही. 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक 17 मध्ये मूठ आणि सांगाडा मिळून प्लास्टिकचा एकच तुकडा आहे. तिथे बदलण्यासारख्या फळ्याच नाहीत.

स्पर्धेत मूठ हवी तशी घडवता येते, असेही नाही. ऑलिंपिक नेमबाजीचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमानुसार एअर पिस्तूल मुठीसकट 420 × 200 × 50 मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, त्या 25 मीटर प्रकारात ही पेटी आणखी लहान, 300 × 150 × 50 मिलिमीटरची असते. मुठीने मनगटाला आधार देता कामा नये आणि तळव्याखालचा टेकू वर वळलेला चालत नाही. मूठ कितीही सुबक असली, तरी तपासणीत या मापांत बसली नाही तर ती स्पर्धेत वापरता येत नाही.