एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

दिवाळीच्या तोंडावर सदाशिव पेठेतल्या गिरणीत भाजणी किलोवर तोलून दळून मिळते आणि घरी आली की वाटीने मोजली जाते. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' 1970 मध्ये आलं. पुढे त्याच्या आवृत्त्या याच पेठेतल्या मेहता पब्लिशिंग हाऊसने काढल्या. त्यातल्या वाटी-चमच्याच्या प्रमाणावर कितीतरी सुना-मुली स्वयंपाक शिकल्या. आता परदेशातली नात डिजिटल काटा पुढ्यात घेऊन फोनवर विचारते, "आजी, एक वाटी म्हणजे किती ग्रॅम गं?" आजी उलट विचारते, "कशाची वाटी?" शास्त्रीयदृष्ट्या हाच प्रश्न बरोबर आहे.

150 मिलिलिटरची सपाट वाटी धरू. पाणी 150 ग्रॅम, पातळ तूप सुमारे 135, बारीक मीठ 180, साखर 125 ते 130, रवा 105 आणि चाळलेली कणीक जेमतेम 75. गंमत म्हणजे साखरेचा दाणा पाण्याच्या जवळपास 1.6 पट जड, पिठाचा कणही सुमारे दीडपट जड. तरी त्यांची वाटी पाण्याच्या वाटीपेक्षा हलकी. वाटीतली उरलेली जागा हवेने भरलेली असते. साखरेत ती जवळजवळ निम्मी, चाळलेल्या कणकेत तर दोन तृतीयांशाच्या घरात.

पीठ इतकी हवा का धरून ठेवतं? कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचं वजन हजारपट घटतं. कणाकणांतलं आकर्षण मात्र साधारण दहापटच घटतं. त्यामुळे बारीक कण घरंगळून फटीत बसत नाहीत, एकमेकांना चिकटून पोकळ जाळी बनवतात. वाटी ओट्यावर आपटली किंवा पीठ दाबून भरलं की ही जाळी मोडते आणि तीच 75 ग्रॅमची वाटी शंभराच्या आसपास जाते. चकली तळणीत विरघळते किंवा कडक होते, तेव्हा मोहनाइतकंच या दाबण्याकडेही बघायला हवं.

तांदळात दाण्याचा आकार महत्त्वाचा. गोल गोळ्या भांड्यात ओतून हलवल्या तर सुमारे 64 टक्के जागा भरते. प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये चपट्या चॉकलेट गोळ्यांवर प्रयोग केले. त्या 68 टक्क्यांपर्यंत भरल्या. दाणा फार लांबुडका झाला की मात्र उलटं होतं, म्हणून बासमतीपेक्षा आखूड आंबेमोहोराची वाटी साधारणपणे जड भरते.

आणि शीग! पायली-शेराच्या काळात माप सपाट की शिगेचं, हे आधी ठरवून घेत. शिगेचा उतार जिन्नसावर ठरतो. 8 सेंटिमीटर तोंडाच्या वाटीवर 30 अंशांच्या उताराची धान्याची शीग लावली तर सुमारे 39 मिलिलिटर, म्हणजे पाव वाटीहून जास्त भर पडते. पीठ 45 अंशांवरही उभं राहतं, तेव्हा ही भर 67 मिलिलिटरवर जाते.

पाककृतीतले सगळे जिन्नस एकाच वाटीने, एकाच पद्धतीने मोजले तर मूळ प्रमाण बिघडत नाही, वाटी लहान असो की मोठी. बिघाड होतो तो प्रत्येक जिन्नसाला एकच आकडा लावून ग्रॅममध्ये नेताना. म्हणून नातीला ग्रॅम कळवायचे तर आजीने नेहमीसारखीच वाटी भरावी, सुरीच्या पाठीने सपाट करावी, तीनदा तोलून सरासरी काढावी आणि 'रुचिरा'च्या समासात आकड्याशेजारी लिहावं: चाळून, न दाबता.