पस्तीस कोटी पत्रं, अठ्ठावीस गिऱ्हाइकं

मे १९७८. अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या मार्केटिंग विभागात गॅरी थर्क काम करत होता. कंपनीचा नवा डेक्सिस्टम-२०२० हा संगणक पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांना दाखवायचा होता. त्यासाठी लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओ इथे प्रात्यक्षिकं ठरली होती. एकेकाला फोन करत बसण्याऐवजी थर्कने अर्पानेटची डिरेक्टरी काढली. अर्पानेट हे आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप. ते वापरणारी माणसं इतकी मोजकी होती की त्यांची नावं आणि पत्ते चक्क छापून निघत. त्यातले सुमारे ४०० पत्ते एका सहकाऱ्याने हाताने टाइप केले आणि सगळ्यांना ईमेलने एकच पत्र रवाना झालं. पत्ते इतके झाले की पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या रकान्यात मावेनात. उरलेले थेट मजकुरात सांडले. पत्र उघडणाऱ्याला आधी पत्त्यांची लांबलचक रांग दिसली आणि तिच्याखाली सगळं कॅपिटल अक्षरांतलं आमंत्रण.

लोक भडकले. लष्कराच्या ज्या खात्याकडे हे जाळं होतं, त्यानेही खरमरीत समज दिली. पण यंत्रं खपली. त्या पत्रामुळे एक कोटी डॉलरहून जास्त विक्री झाली, असं थर्क पुढे सांगत आला. त्याचा दावा निम्म्याने कमी धरला तरी ४०० पत्रांसाठी ही कमाई अचाट आहे.

आता २००८ मध्ये या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन डिएगो इथल्या संशोधकांना एक साधा प्रश्न पडला होता: ही घाऊक जाहिरात-पत्रं वाचून खरंच कोणी खरेदी करतं का? या संशोधकांत स्टेफन सॅव्हेज आणि व्हर्न पॅक्सन ही या क्षेत्रातली मोठी नावं होती. उत्तर शोधायला त्यांनी जे केलं, ते वाचताना मी आजही थक्क होतो. त्या काळी ‘स्टॉर्म’ नावाच्या जाळ्यात जगभरातले घरगुती संगणक मालकांच्या नकळत जुंपले गेले होते आणि रात्रंदिवस जाहिराती ओकत होते. संशोधक त्या जाळ्यात शिरले आणि त्यांनी जाहिरातीतल्या औषध दुकानाच्या जागी आपलं नकली दुकान बसवलं. गिऱ्हाईक पैसे भरायच्या पायरीपर्यंत आलं की दुकान बिघाड झाल्याचं सांगून थांबे. कुणाचा पैसा गेला नाही, कार्डाचा नंबरही घेतला गेला नाही. फक्त मोजणी झाली.

पाठवलेली पत्रं ३४,७५,९०,३८९. त्यांतली समोरच्या सर्व्हरने स्वीकारली ती सुमारे ८ कोटी २७ लाख. दुकानापर्यंत आले १०,५२२ जण. विकत घ्यायला तयार झाले २८. कालावधी २६ दिवस, होऊ शकली असती ती विक्री २,७३१ डॉलर ८८ सेंट.

म्हणजे एका गिऱ्हाइकामागे सुमारे सव्वा कोटी पत्रं. एखाद्या छोट्या धंदेवाल्याने एक लाख पत्त्यांची यादी विकत घेतली आणि रोज सगळ्यांना पत्र धाडलं, तर या हिशेबाने पहिली विक्री व्हायला सरासरी चार महिने लागतील. स्टॉर्मवाल्यांना हे परवडत होतं, कारण संगणक दुसऱ्यांचे, वीज दुसऱ्यांची आणि नाव गमावण्याची भीती नाही. प्रामाणिक दुकानदाराकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे नाव असतं, आणि धक्का त्यालाच बसतो.

तो कसा, हे पाहण्यासारखं आहे. पत्र जीमेलच्या दारात पोचलं की मजकुराच्या आधी पाठवणाऱ्याची चौकशी होते. ज्या सर्व्हरवरून पत्र आलं, त्याला पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या भागाच्या, नावाने पत्र पाठवायची मुभा आहे का, हे एसपीएफ नोंदीवरून कळतं. वाटेत कोणी फेरफार केला नाही ना, हे डीकेआयएम ही डिजिटल सही सांगते. मग निघते या डोमेनची पूर्वपीठिका: आजवर याची पत्रं लोकांनी उघडली, उत्तरं दिली, की ‘स्पॅम’चं बटण दाबलं? तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवा, असं गुगल सांगतं. हजार पत्रांमागे तिघांनी बटण दाबलं की तुम्ही त्या रेषेवर आलात! शिवाय विकतच्या याद्यांत असे पत्ते दडलेले असतात, जे कुठल्याच माणसाचे नसतात. असे पत्ते केवळ सापळा म्हणून मांडून ठेवलेले असतात. अशा पत्त्यावर पत्र आलं, की पाठवणाऱ्याने पत्ते परवानगीने घेतलेले नाहीत हे उघड होतं. एवढं झालं की त्याच डोमेनवरून जुन्या गिऱ्हाइकाला पाठवलेलं बिल किंवा कोटेशनही स्पॅममध्ये जाऊन पडू लागतं. जाहिरातीचा हा खर्च कुठल्याही पावतीवर दिसत नाही. माझ्या मते छोट्या धंद्याला तोच सर्वांत महाग पडतो.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे ‘इतक्या टक्के लोकांनी पत्र उघडलं’ हा आकडा. तो येतो एका पिक्सेलएवढ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चित्रावरून. प्रत्येकाच्या पत्रात त्या चित्राचा पत्ता वेगळा असतो. चित्र मागवलं गेलं की पत्र उघडलं असं धरतात. पण २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये, गोपनीयतेची सोय चालू असली की, पत्र कोणी वाचो न वाचो, ती चित्रं आधीच मागवून ठेवली जातात. त्यामुळे हा आकडा छान फुगतो आणि गल्ला तसाच राहतो.

मग थर्कचं पत्र कसं चाललं? ते ४०० जण संगणकांवरच काम करणारे होते. नव्या यंत्रात अर्पानेटची सोय आधीपासूनच होती आणि नेमकी तीच त्यांची गरज होती. परवानगी त्याने विचारली नाही, त्याबद्दल बोलणी खाल्ली, पण माणसं अचूक निवडली. आज निवड आणि परवानगी दोन्ही लागतात. एखादी दिवाळीचा फराळ परदेशी पाठवणारी बाई घ्या. गेल्या वर्षी मागवलेल्या दोनशे घरांना ‘यंदा कळवू का?’ असं विचारून, पार्सल निघण्याच्या महिनाभर आधी तिने एक पत्र धाडलं, तर तिला ऑर्डरी येतील. तिला लाखांच्या यादीची गरजच नाही.

तेव्हा ईमेलची जाहिरात परवडते का? स्वतःच्या गिऱ्हाइकांना विचारून पाठवलेली परवडते. परक्या यादीवर धाडलेली परवडत नाही, मग ती यादी फुकट मिळाली तरी. तुमचा छोटा व्यवसाय असेल, तर पहिलं पत्र पाठवण्याआधी डोमेनच्या एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी करून घ्या, यादीतून बाहेर पडायची लिंक ठळक ठेवा आणि उघडलेली पत्रं मोजण्यापेक्षा आलेल्या ऑर्डरी मोजा.