मागितले तेवढेच मोजणारी भाषा

एडिनबरो येथे रॉबिन मिल्नर व त्यांचे सहकारी यांनी १९७० नंतरच्या दशकात एमएल ही संगणकभाषा रचली. तीत आज्ञावली फलनांच्या रूपाने लिहितात. फलनास दिलेली प्रत्येक राशी आधी मोजली जाते; मगच फलनाचे कार्य सुरू होते.

पुढे स्वीडनमधील चाल्मर्स तंत्रविद्यापीठात लेनार्ट ऑगस्टसन व थॉमस जॉन्सन यांनी ‘लेझी’, म्हणजे आळशी, एमएल सिद्ध केली. १९८४ मध्ये तिच्या संकलकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. येथे आळस हा दोष नव्हे. राशीची गरज पडेपर्यंत तिचे केवळ सूत्र जपून ठेवावयाचे. एकदा मोजल्यावर उत्तर साठवावयाचे, म्हणजे तीच राशी पुन्हा मोजावी लागत नाही.

यामुळे सर्व मूळसंख्यांची अनंत यादीही लिहिता येते. पहिल्या दहा मागितल्या, तर गणना २९ पाशी थांबते. मूळच्या एमएलमध्ये तशीच सरळ यादी लिहिल्यास गणना कधीच संपणार नाही.

परंतु या सोयीचे मूल्य द्यावे लागते. १ ते १०,००,००० या संख्या एकेक करून मिळविताना प्रत्येक बेरीज लांबणीवर पडली, तर लाखो अपुऱ्या बेरजा स्मृतीत साचतात आणि प्रसंगी काम मध्येच बंद पडते. म्हणून १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हास्केल या आळशी भाषेतही पुढे ‘ही राशी आताच मोज’ असे सांगण्याची सोय करण्यात आली. ती कोठे वापरावी, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने ओळखावयाचे असते.