चौल बंदर आणि इस्लाम

कोकणात इस्लाम प्रथम आला तो व्यापाऱ्यांच्या गलबतांतून. इ. स. ९१६ च्या सुमारास बगदादचा प्रवासी अल् मसूदी चौल बंदरी आला. अरब त्यास सैमूर म्हणत. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या मुसलमानांची वस्ती तेथे सुमारे १०,००० होती. कित्येकांचा जन्मही येथलाच. त्यांचे तंटे तोडण्यास राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमिला होता.

चौलच्या उत्तरेस संजाण. तेथे राष्ट्रकूटांचा अधिकारी अरबच होता. चिंचणीचा शके ८४८ चा संस्कृत ताम्रपट त्यास ‘मधुमती’, म्हणजे मुहंमद, म्हणतो. त्याने अन्नछत्र घातले, नदीवर नावा ठेविल्या आणि राजाच्या अनुमतीने देवीच्या मठिकेस भूमी दिली.

व्यापार विश्वासावर चालतो. तो दोन्हीकडून राखला गेला, म्हणूनच नवा धर्म या किनाऱ्यावर रुजला.