वजन उतरवण्याचे इंजेक्शन आणि दारू : सभासदांनी काय ध्यानात ठेवावे

— ऊस विकास अधिकारी



या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी बोलतो. या खेपेस विषय निराळा आहे, पण तोही शिवारातूनच आलेला आहे. ऊस नोंदीसाठी गट कार्यालयात येणारे काही सभासद हल्ली विचारतात, "साहेब, वजनाचं इंजेक्शन चालू हाय. लग्नसराईत थोडी घेतली तर चालंल का?" मी शेतकी पदविकेचा माणूस, डॉक्टर नव्हे. कुणी किती डोस घ्यावा हे डॉक्टरच सांगतील. पण औषध अंगात काय करते आणि दारू त्यात कशी भर घालते एवढे समजले, तर डॉक्टरांना नीट विचारता येते. म्हणून हे चार शब्द.

औषध काय करते?

सध्या दोन औषधांचे नाव जास्त ऐकू येते : सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड. टिर्झेपाटाइड 'मौंजारो' या नावाने मार्च २०२५ मध्ये, तर वजनासाठीचे सेमाग्लुटाइड 'वेगोवी' या नावाने जून २०२५ मध्ये आपल्या देशात आले. दोन्ही आठवड्यातून एकदा कातडीखाली टोचून घ्यायची.

आपण जेवलो की आतड्यातून काही संप्रेरके सुटतात आणि मेंदूला "पोट भरलं" असा सांगावा जातो. ही औषधे तेच काम करतात. भूक मंदावते आणि जठरातले अन्न सावकाश पुढे सरकते. पाटाचे दार अर्धे लावल्यासारखे समजा. अशा वेळी वरून जास्त पाणी सोडले तर पाट फुटणारच. त्यामुळे मळमळ, उलटी, ढेकर असे त्रास होतात. कुणाला जुलाब, तर कुणाला बद्धकोष्ठ होतो. हा त्रास सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर अधिक असतो. म्हणूनच उसाला नत्र जसे हप्त्याने देतो, तसा डोसही हप्त्याने वाढवतात. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून साधारण चार-चार आठवड्यांनी वाढवायचे असते.

दारू कुठे भर घालते?

इंजेक्शन घेतले आणि दारूचा थेंब पोटात गेला की लगेच विषबाधा होते, असे नाही. पण दोन्हींचा भार एकाच जागी पडतो.

पहिली जागा पोट. दारूने जठराचा दाह होतो. त्यात ती आधीच भरलेल्या पोटात रेंगाळली की उलटी ठरलेली. शिवाय ती उशिरा चढण्याचा संभव असतो. "आज लागलीच नाही" म्हणून दुसरा पेला भरला, की पुढे दोन्ही एकदम भोवतात.

दुसरी जागा पाणी. दारूने लघवी वाढते. वर उलट्या-जुलाब, आणि उन्हात तोडणीच्या फडावर दिवसभर उभे राहणे. अंगातले पाणी एवढे आटले की मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

तिसरी जागा रक्तातली साखर, आणि ही सर्वांत घातक. पोट रिकामे असते तेव्हा यकृत साठ्यातली आणि नव्याने तयार केलेली साखर रक्तात सोडते. दारूने हे काम अडते. इंजेक्शनमुळे जेवण आधीच कमी झालेले असते. त्यात मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर फार खाली जाऊ शकते.

घरच्यांनी हे जरूर वाचावे

साखर उतरलेला माणूस आणि पिलेला माणूस दिसायला सारखाच. घाम, थरथर, बोबडे बोलणे, झोकांड्या, चिडचिड. "पिऊन आलाय, झोपू दे" असे म्हणून पांघरूण घातले तर माणूस सकाळी उठेलच याची खात्री नाही. तो शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्या; बरे वाटल्यावर थोडे खायला द्या आणि रात्रभर लक्ष ठेवा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

हिशोबही पाहा

एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटर व्हिस्कीत, सुमारे सव्वाचारशे कॅलरी असतात. तेवढ्या मिळायला ज्वारीचे जवळजवळ सव्वाशे ग्रॅम पीठ लागते. भाकरी कमी करून ग्लास भरला तर महागडे इंजेक्शन पाण्यात गेले म्हणायचे.

काय करावे?

१) इंजेक्शनच्या सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर दारू पूर्ण वर्ज्य. पुढेही टाळलेलीच बरी. घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी कधीही नको.
२) थोडे थोडे, सावकाश जेवा. तर्री, तळण आणि मटणाचा भरपेट बेत टाळा. डाळ, अंडे, ताक पोटात जाऊ द्या.
३) पाणी घोट-घोट पीत राहा. उलट्या-जुलाब झाले तर जलसंजीवनी घ्या.
४) शेजाऱ्याचे बघून डोस वाढवू नका. औषध चिठ्ठीवरच आणि पावती घेऊनच आणा.
५) रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद करू नये. थरथर, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना खरे प्रमाण सांगा, लाजू नका.

पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ येऊन ती पाठीत जात असेल, सोबत उलट्या असतील, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते. या औषधात तो धोका क्वचित आहे; दारूने मात्र ती सूज हमखास ओढवून घेतलेली माणसे गावोगावी आहेत. अशा वेळी सोड्यावर भागवू नका, पुढचे इंजेक्शन थांबवा आणि तडक दवाखाना गाठा.

एक नवी गोष्टही कळवतो. इंजेक्शन सुरू झाल्यावर दारूची ओढच कमी झाली, असे काही जण सांगतात. अमेरिकेत ४८ जणांवर केलेल्या एका लहान चाचणीत सेमाग्लुटाइडने दारूची तलफ कमी झाल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण एवढ्यावरून हे दारू सोडवण्याचे औषध ठरत नाही.

आपल्या उसाच्या मळीपासून अल्कोहोल होते आणि त्यातून कारखान्यांना उत्पन्न मिळते, हे आपण सारे जाणतो. ते टाकीत आणि टँकरमध्ये राहिले तर आपल्या फायद्याचे. ज्यांचे इंजेक्शन चालू आहे त्यांनी हा अंक घरात सर्वांना वाचून दाखवावा, आणि साखरेचा डबा कुठे आहे तेही सांगून ठेवावे.