मालाच्या जहाजावर घरची माणसं

रत्नागिरीच्या खाडीकाठच्या गावांत बोटीवरच्या नोकरीचा पैसा दिसतो, बोट दिसत नाही. चिऱ्याचं घर उभं राहतं, बहिणींची लग्नं होतात, मुलं शिकतात. पण ज्या जहाजावर घरचा माणूस एका दमात सहा-नऊ महिने काढतो, ते बायकोला फोनवरच्या फोटोंपुरतंच ठाऊक असतं. खरं तर मालवाहू जहाजावर कुटुंबाला सोबत नेता येतं. अनेक अधिकाऱ्यांच्या बायका-मुलांनी असे प्रवास केले आहेत. ते कसे होतात आणि कुणाच्या वाट्याला येतात, हे इथल्या लोकांनी समजून घ्यायला हवं.

माल आणि माणूस एकाच बोटीतून जाणं या किनाऱ्याला नवं नाही. मचव्यांतून आणि फत्तेमारींतून मंगलोरी कौलं, मीठ, नारळ यायचे, तशी माणसंही यायची. पुढे आगबोटी आल्या. मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड करत त्या रत्नागिरीला पोचत. बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडावातून माणसं, ट्रंका, पोरंबाळं वर चढत. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या पेट्या आणि चाकरमान्यांची बिऱ्हाडं एकाच बोटीनं मुंबई गाठत. पण याच किनाऱ्यानं १७ जुलै १९४७ हा दिवसही पाहिला. रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यामुळे समुद्रावर माणसं मोजूनमापून न्यावीत, हा नियम कोकणाला तरी जाचक वाटू नये.

आजचा हिशेब १२ या आकड्यापाशी सुरू होतो. ‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय करारानुसार १२ पेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते प्रवासी जहाज ठरतं आणि त्याला कितीतरी कडक नियम लागतात. गंमत म्हणजे एक वर्षाच्या आतलं मूल या कायद्याच्या लेखी प्रवासीच नसतं. जागा मात्र त्यालाही लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. लाइफबोट, लाइफ जॅकेट वगैरे साधनं किती माणसांना पुरतील, तो आकडा जहाजाच्या प्रमाणपत्रात लिहिलेला असतो. समजा सोय २५ जणांची आहे आणि जहाजावर २२ जण आहेत, तर जागा उरल्या तीन. त्यात दोन कॅडेट आले की एकच उरते. केबिन कितीही मोठी असली तरी त्या आकड्यापुढे कप्तानाचंही चालत नाही.

जागा असली तर कंपनीची परवानगी, डॉक्टरचा दाखला आणि विमा. व्हिसाचं प्रकरण वेगळंच. अमेरिकेत नवरा खलाशांच्या व्हिसावर उतरतो, बायकोला मात्र पर्यटकाचा व्हिसा आधीच काढून ठेवावा लागतो. नसेल तर बंदर समोर दिसत असताना तिनं जहाजावरच बसायचं. बहुतेकदा कुटुंबाचं नाव ‘सुपरन्यूमररी’, म्हणजे जादा माणसं, म्हणून यादीत चढतं आणि भोंगा वाजला की सगळ्यांबरोबर लाइफ जॅकेट घालून डेकवर हजर व्हावं लागतं.

सहवास किती मिळतो? थर्ड मेटची पाळी सकाळी ८ ते १२ आणि रात्री ८ ते १२. सेकंड मेटची दुपारी आणि मध्यरात्री १२ ते ४. त्याच्या बायकोला नवरा झोपलेलाच जास्त दिसतो. बंदर लागलं की माल चढ-उताराची धांदल, म्हणजे घरच्यांनी गाव पाहायचं आणि त्यानं हॅच सांभाळायचं. तरीही हा प्रवास मोलाचा आहे असं मला ठामपणे वाटतं. रात्री १२ ला ब्रिजवर उभं राहणं म्हणजे काय, हे एकदा पाहिलेली बायको ‘फोन का केला नाहीस’ हा प्रश्न वेगळ्या आवाजात विचारते.

मात्र बहुतेक कंपन्यांत ही सवलत अधिकाऱ्यांपुरतीच राहिली, आणि रत्नागिरीनं तर पिढ्यान्‌पिढ्या अधिकाऱ्यांपेक्षा खलाशी जास्त दिले. पी अँड ओ कंपनीच्या डेकवरचे ‘लष्कर’, म्हणजे खलाशी, मोठ्या प्रमाणात इथले होते. सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, आपल्याच गावातली, नात्यातली माणसं भरून न्यायचा. अर्धा गाव जहाजावर आणि उरलेला अर्धा मनिऑर्डरच्या वाटेकडे डोळे लावून, अशी ती विभागणी होती. सुकाणी, कसाब, भंडारी अशा हुद्द्यांवरच्या खलाशांच्या बायकांना जहाजावर नेण्याचा विचारही कुणी केला नाही, कारण खलाशी एका खोलीत अनेक जण राहायचे.

ती सबब आता उरलेली नाही. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ मध्ये लागू झाला, भारतानं तो २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार नव्या मोठ्या मालवाहू जहाजांवर प्रत्येक खलाशाला स्वतंत्र खोली मिळते. १०,००० टनांच्या वरच्या जहाजावर ती निदान ७ चौरस मीटरची असते. बिछाना किमान ८० सेंटिमीटर रुंद, म्हणजे दोघांना अपुराच, पण दुसरा टाकायला जमीन आहे. याच कराराच्या मार्गदर्शक तत्त्वांत, शक्य असेल तिथे जोडीदाराला अधूनमधून सफरीला नेऊ देण्याचा विचार व्हावा, आणि त्याच्या विम्यासाठी मालकानं मदत करावी, असं म्हटलं आहे. तिथे अधिकारी आणि खलाशी असा भेद नाही. तत्त्व बंधनकारक नाही, हे खरं. पण खलाशांचा पगार आणि रजा नॅशनल मेरिटाइम बोर्डात मालक आणि युनियन यांच्या वाटाघाटींत ठरतात. जोडीदाराच्या सफरीचं कलम तिथे पगारवाढीच्या बरोबरीनं मागितलं गेलं पाहिजे, आणि लाइफबोटीतल्या उरलेल्या जागा हुद्दा पाहून नव्हे, तर समुद्रावर काढलेले महिने पाहून वाटल्या गेल्या पाहिजेत.