बेलीफ: दिवाणी हुकूम अमलात आणणारा माणूस

दिवाणी दाव्यातला कागद पक्षकाराच्या हाती पोचवणे आणि निकाल लागल्यावर तो जागेवर जाऊन अमलात आणणे, ही बेलीफाची दोन मुख्य कामे. महाराष्ट्रात तालुक्याच्या दिवाणी न्यायालयापासून जिल्हा न्यायालयापर्यंत हे पद आहे. बेलीफ नाझराच्या हाताखाली काम करतो. न्यायालयातून निघणारी समन्स, नोटिसा आणि वॉरंटे नाझर विभागात येतात, गावे किंवा पेठा वाटून घेतलेल्या बेलीफांकडे ती सोपवली जातात आणि बजावणीचा अहवाल त्याच वाटेने न्यायाधीशांपुढे परत जातो. कामाची सारी चौकट दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे सिव्हिल मॅन्युअल यांनी आखून दिलेली आहे. फौजदारी खटल्यातली समन्स व वॉरंटे मुख्यतः पोलीस बजावतात, त्यामुळे बेलीफाचा संबंध येतो तो प्रामुख्याने जमीन, घर, भाडे, कर्ज आणि वाटणीच्या दाव्यांशी.

मुंबईत रचना थोडी निराळी आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतील वॉरंटे शेरीफ, म्हणजे नगरपाल, यांच्या कार्यालयामार्फत बजावली जातात. नगरपाल हे एका वर्षासाठी दिले जाणारे मानाचे पद आहे. प्रत्यक्ष काम उपनगरपाल आणि बेलीफ करतात. थकीत देण्यापोटी बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या अटकेचा हुकूम निघाला, तर तो बजावण्याचे कामही याच कार्यालयाकडे येते. भाडेकरू-मालक वादांसाठी प्रसिद्ध असलेल्या लघुवाद न्यायालयाचे बेलीफ वेगळे असतात. चाळीतली खोली रिकामी करून देण्याचे वॉरंट घेऊन येतात ते हेच.

समन्स बजावणे बाहेरून सोपे दिसते. संहितेच्या पाचव्या आदेशात मात्र त्याची पायरीपायरीने रीत ठरलेली आहे. शक्यतो प्रतिवादीला स्वतःला गाठावे. तो घरी नसेल आणि लवकर परतण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या सज्ञान व्यक्तीकडे समन्स द्यावे. ती व्यक्ती स्त्री असली तरी चालते, पण घरातला नोकर चालत नाही. घेणाऱ्याची सही घ्यावी. घेण्यास नकार मिळाला किंवा शोधूनही माणूस सापडला नाही, तर घराच्या दर्शनी दारावर प्रत चिकटवावी, आणि घर कोणी दाखवले, कोणासमक्ष चिकटवले, हे नावापत्त्यासह लिहावे. वेळ आणि पद्धत अहवालात नोंदवावी. न्यायालयाला शंका आली तर बेलीफाला शपथेवर तपासता येते.

नकार देऊन समन्स टळत नाही, ही गोष्ट अजूनही अनेकांना ठाऊक नसते. समन्स घेतले नाही तर दावाच उभा राहणार नाही, असा समज खेड्यात आहे तसा शहरातल्या सोसायट्यांतही आहे. प्रत्यक्षात रीतसर दारावर चिकटवलेले समन्स न्यायालय बजावलेले धरू शकते, आणि त्या दिवसापासून लेखी कैफियत देण्याची ३० दिवसांची मुदत धावू लागते. न्यायालय ती वाढवून देते, पण संहितेत त्यासाठी ९० दिवसांपर्यंतची मर्यादा घातलेली आहे. समन्स टाळण्यासाठी पळून जाणे किंवा चिकटवलेले समन्स फाडणे हा भारतीय न्याय संहितेनुसार गुन्हासुद्धा आहे.

या सगळ्यात जोखीम असते ती अहवालाच्या खरेपणाची. बेलीफाने चावडीवर बसूनच ‘इसम मिळून आला नाही’ असे लिहिले, किंवा वादीने दाखवलेल्या भलत्याच घरावर प्रत चिकटवली, तर प्रतिवादीला दाव्याचा पत्ताही लागत नाही आणि त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होतो. समन्स रीतसर बजावले गेले नव्हते असे सिद्ध केल्यास असा हुकूमनामा रद्द होऊ शकतो, पण तोवर वर्षे निघून जातात आणि दावा पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. चार ओळींचा हा अहवाल न्यायदानातील सर्वांत कमी लक्ष दिला गेलेला आणि सर्वांत जास्त परिणाम करणारा कागद आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरे काम हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचे. दावा जिंकलेल्या पक्षकाराला त्यासाठी वेगळी दरखास्त द्यावी लागते. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यानंतर सुरू होतात, अशा आशयाची नोंद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच केली होती. दरखास्तीवर वॉरंट निघते आणि ते बेलीफाच्या हाती येते. वॉरंट कधी जंगम मालाच्या जप्तीचे असते, कधी स्थावराच्या, कधी घराचा किंवा शेताचा ताबा देण्याचे, तर क्वचित ऋणकोच्या अटकेचे. जंगम माल प्रत्यक्ष ताब्यात घेऊन त्याची यादी आणि पंचनामा करावा लागतो. जमिनीची जप्ती दवंडी देऊन जाहीर करायची आणि हुकमाची प्रत जमिनीवर, न्यायालयात, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लावायची, असे कायदा आजही सांगतो. ताब्याच्या वॉरंटात मात्र बेलीफाला मोठा अधिकार आहे: पुरेशी सूचना देऊन कुलूप काढता येते, गरज पडल्यास दार तोडता येते आणि हुकूमनाम्याने बांधलेल्या माणसाला बाहेर काढता येते.

या अधिकाराला घातलेल्या मर्यादा तितक्याच महत्त्वाच्या आहेत. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी जप्ती किंवा अटकेसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीने स्त्री अंगावरून उतरवू शकत नाही असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाणे जप्त होत नाहीत. शेतकरी किंवा मजूर राहतो ते घरही जप्तीतून वगळलेले आहे. पैशांच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. पुरुषालाही २,००० रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी तुरुंगात ठेवता येत नाही आणि ५,००० रुपयांवरच्या रकमेसाठी ठेवले तरी कमाल मुदत तीन महिन्यांची. देण्याची ऐपत नाही एवढ्याच कारणाने कोणाला तुरुंगात टाकता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये स्पष्ट केले.

अशा मर्यादांमागे महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध उठाव झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जरोखे व हुकूमनामे यांसारखी कागदपत्रे मागून घेऊन जाळली. दिवाणी न्यायालयात सहज मिळणारे एकतर्फी हुकूमनामे आणि त्यामागून येणारी जप्ती हे त्या असंतोषाचे एक मोठे कारण होते. त्यानंतर १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशांच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करण्यास बंदी घातली, आणि खास गहाण दिलेली नसेल तर त्याची जमीन जप्त करण्यासही मनाई केली. जप्तीचा अधिकार बेबंद वापरला गेला की समाज पेटतो, हा धडा इथल्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

गेल्या काही दशकांत जप्तीचे एक उलट चित्रही दिसू लागले. धरणासाठी किंवा रस्त्यासाठी जमीन गेलेला शेतकरी वाढीव मोबदल्याचा हुकूमनामा घेऊन वर्षानुवर्षे थांबतो, आणि शेवटी न्यायालय सरकारी कार्यालयाविरुद्धच जप्तीचे वॉरंट काढते. मग बेलीफ अधिकाऱ्याची गाडी, खुर्च्या, संगणक यांवर टाच आणायला जातो. अपघाताची भरपाई थकली तर एसटीची बसही जप्त होते. सरकारविरुद्धचा हुकूमनामा तीन महिने पूर्ततेविना राहिल्याशिवाय अशी अंमलबजावणी करता येत नाही, म्हणजे बेलीफ दारात येईपर्यंत सवलतीचा काळ उलटून गेलेला असतो. साध्या कर्मचाऱ्याने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या दालनात जाऊन न्यायालयाचा हुकूम वाचून दाखवावा, यात कायद्याचे राज्य फार स्पष्ट दिसते.

काम मात्र कष्टाचे आहे. दिवसाचा मोठा भाग एसटीत किंवा दुचाकीवर जातो. पत्ते अपुरे असतात, एका गावात एकाच नावाची चार माणसे निघतात. ताबा देताना विरोध होतो, शिवीगाळ होते, प्रसंगी मारहाणही. कामात अडथळा आणणे आणि लोकसेवकावर हात उचलणे हे गुन्हे आहेत, पण दारात उभ्या असलेल्या एकट्या बेलीफाला त्या क्षणी कलमाचा उपयोग नसतो. पोलीस बंदोबस्तासाठी न्यायालयाची परवानगी, पोलिसांकडे अर्ज, खर्चाचा भरणा आणि मग त्यांच्या सोयीची तारीख अशी साखळी लागते. सण किंवा निवडणूक आली की तारीख पुढे ढकलली जाते. घरात स्त्रिया आणि मुले असतील तर महिला पोलीस हव्यात. विरोध मोडता आला नाही तर बेलीफ तसा अहवाल देऊन परत येतो आणि हुकूमनामाधारकाला अडथळ्याविरुद्ध नवा अर्ज करावा लागतो.

लाचेचा प्रश्नही झाकण्यात अर्थ नाही. वॉरंट लवकर बजावण्यासाठी एका पक्षाकडून किंवा ‘सापडला नाही’ असे लिहिण्यासाठी दुसऱ्याकडून पैसे घेतल्याच्या तक्रारी होतात आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात बेलीफ सापडल्याच्या बातम्याही येतात. वाहन, हमाल, कुलूपवाला यांचा खर्च रोखीने पक्षकाराच्या खिशातून होतो, तिथेच या रोगाचे मूळ आहे. सगळा खर्च न्यायालयात पावतीवर भरून घेतला आणि तिथूनच दिला, तर निम्मी वाट बंद होईल.

या नोकरीत शिरण्याचा मार्ग राज्यागणिक बदलतो. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांसाठी ४,६२९ जागांची मोठी भरती काढली. ती लघुलेखक, कनिष्ठ लिपिक आणि शिपाई-हमाल या पदांची होती. बेलीफ हे पद तिच्यात नव्हते. महाराष्ट्रात बहुधा न्यायालयाच्या सेवेत आधीपासून असलेल्या कर्मचाऱ्यांतून या जागा भरल्या जातात. शेजारच्या गुजरातेत २०२४ मध्ये प्रोसेस सर्व्हर व बेलीफ या नावानेच थेट भरती निघाली होती. महाराष्ट्रातील तरुणाने या पदाकडे पाहताना न्यायालयातील खालच्या पदावरून वर जाण्याची पायरी म्हणूनच पाहणे योग्य ठरेल.

पुढच्या काळाचा विचार करताना पहिला प्रश्न मोबाइलचा येतो. संहितेत २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्त्यांनी स्पीड पोस्ट, कुरिअर आणि ईमेलने समन्स पाठवण्याची सोय केली. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका वसुली प्रकरणात व्हॉट्सॲपवर पाठवलेली नोटीस उघडल्याची खूण दिसल्यावर बजावणी मान्य केली. जुलै २०२० मध्ये, करोनाच्या काळात, सर्वोच्च न्यायालयाने ईमेलच्या जोडीला व्हॉट्सॲपसारख्या सेवांनाही परवानगी दिली. बेलीफाच्या हातात एनस्टेप हे ॲप आले आहे. त्यावर बजावणीची जागा, वेळ, छायाचित्र आणि घेणाऱ्याची सही तिथल्या तिथे नोंदली जाते. चावडीवर बसून लिहिलेल्या अहवालांना याने आळा बसतो, आणि प्रामाणिक बेलीफाला खोट्या आरोपांपासून संरक्षणही मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांच्या ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यात या व्यवस्थेच्या विस्ताराचा समावेश आहे.

कागद पोचवण्याचे काम यामुळे हळूहळू कमी होणार, हे नक्की. तरी ते संपणार नाही. अनेक घरांत एकच फोन मुलाकडे असतो, नंबर बदलतात, आणि वाटणीच्या दाव्यातल्या वृद्ध बहिणीचा ईमेल कोणाकडे नसतो. व्यक्तिस्वातंत्र्य पणाला लागते तिथे न्यायालयेही सावध आहेत: पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून भागणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले.

दुसरा प्रश्न कामाच्या वाटणीचा. बँकांच्या तारण मालमत्तेचा ताबा २००२ च्या सरफेसी कायद्याने जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांमार्फत घेतला जातो, आणि त्यासाठी वकिलाला आयुक्त म्हणून नेमता येते हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केले. सहकारी पतसंस्था आपल्या वसुली अधिकाऱ्यांमार्फत जप्ती करतात. म्हणजे मोठ्या कर्जांची वसुली बेलीफाकडून बरीचशी निघून गेली. फ्रान्समध्ये हे काम परवानाधारक, कायदा शिकलेले स्वतंत्र व्यावसायिक करतात. इंग्लंडमध्ये खासगी अंमलबजावणी प्रतिनिधींना प्रमाणपत्र लागते. भारतात तसे खासगीकरण घाईने करू नये. वसुलीवर मोबदला मिळणारा माणूस गरिबाच्या भांड्यांवरही हात टाकायला कमी करणार नाही.

उरते ते ताब्याचे आणि जप्तीचे काम, आणि ते प्रचंड आहे. दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावी, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार देशात ८ लाख ८० हजारांवर दरखास्ती प्रलंबित होत्या आणि त्यांतल्या ३ लाख ४० हजारांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत. म्हणून बेलीफ हे पद मोडीत निघेल ही भीती व्यर्थ आहे. निव्वळ कागद वाटणाऱ्याची गरज घटेल. पंचनामा नेमका लिहिणाऱ्या, कलम ६० पाठ असलेल्या, चिडलेल्या घरात शांत राहून बोलू शकणाऱ्या माणसाची गरज वाढेल. त्यासाठी थेट भरती, काही महिन्यांचे खरे प्रशिक्षण, सरकारी वाहन, बंदोबस्तासाठी राखीव पोलीस आणि महिला बेलीफांची पुरेशी संख्या, एवढे तरी राज्य सरकारने आणि उच्च न्यायालयाने मिळून करायला हवे. न्यायाधीशांच्या जागा वाढवून निकाल लवकर लागतील, पण बेलीफ वाढवले नाहीत तर दरखास्तींचा ढीग आहे तिथेच राहील.